ऊब चार्ज होत नसते

डिसेंबर उजाडला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टींना ऊत येतो. एक म्हणजे टॅक्सची प्रूफं आणि दुसरी म्हणजे कॅम्पिंग. पहिलीबद्दल न बोललेलंच बरं. दुसरीबद्दल मात्र बोलायलाच हवं. कारण यंदा कॅन्टीनच्या टेबलावर रोज एकच चर्चा आहे: पॅनेल किती वॅटचं घेतलं, पॉवर स्टेशन केवढं घेतलं, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, "आता काय बॉस, तंबूत हीटर लावून झोपायचं!"

तर मंडळी, आजचा विषय तोच. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना वाट बघायला नको. पाठीवर किंवा गाडीत नेता येईल असं सोलर पॅनेल उजेडासाठी आहे, फोनसाठी आहे, कॅमेऱ्यासाठी आहे. उबेसाठी नाही. ज्याला थंडीचा इलाज वॅटमध्ये दिसतो त्याला थंडी कळलेली नाही आणि वॅटही कळलेला नाही.

दिवसभर आपण सर्व्हरची कपॅसिटी मोजतो ना? मग इथेही पाठीमागच्या पानावर हिशोब मांडायला काय हरकत आहे?

घडीचं १०० वॅटचं पॅनेल घ्या. १०० वॅट हा आकडा प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात कोन चुकतो, धूळ बसते, ढग येतात, केबलमध्ये थोडं जातं, आणि ६०-७० वॅट मिळाले तर खूप झालं. डिसेंबरात सह्याद्रीत दिवस जेमतेम ११ तासांचा, उत्तराखंडात त्याहूनही लहान. त्यातले कामाचे तास चार ते पाच. दरीत तंबू असेल तर समोरचा डोंगरच दुपारी तीनला सूर्य गिळून टाकतो. म्हणजे दिवसभराची कमाई साधारण ३०० वॅट-अवर. इन्व्हर्टर त्यातली १५ टक्के दलाली खातो. उरले २५५. साधा रूम हीटर असतो १००० वॅटचा. भागाकार करा: १५ मिनिटं!

दिवसभर पॅनेल सूर्याकडे वळवत बसायचं आणि रात्री पंधरा मिनिटं हीटर लावायचा. तोही लागला तर. कारण ५०० वॅट-अवरचं पॉवर स्टेशन बहुतेक वेळा १००० वॅटचा भार उचलतच नाही, ट्रिप होतं. आणि समजा उचललाच, तरी तंबूचं कापड म्हणजे काय? वाऱ्यापावसाला अडवणारा पातळ पडदा. हीटर बंद केला की काही मिनिटांत आतली हवा बाहेरच्या हवेशी मांडवली करते.

आता कोणीतरी म्हणेल, "अरे हीटर नको, इलेक्ट्रिक ब्लँकेट घेऊ. ते ५० वॅटचंच असतं." हा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला मान द्यायला हवा. अंगालगत दिलेली उष्णता हवा तापवण्यापेक्षा कितीतरी जास्त कामाची. पण ५० गुणिले ८ तास म्हणजे ४०० वॅट-अवर. बॅटरी अख्खी एका रात्रीत संपते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं नाही की खेळ खलास. गाडी शेजारी उभी आहे, एकच रात्र काढायची आहे, आजी-आजोबा बरोबर आहेत, तर जरूर न्या. पण सहा किलोची बॅटरी आणि चार किलोचं पॅनेल पाठीवर टाकून कोण चढणार आहे? आणि हिमालयात जायचं असेल तर ते विमानातूनही जात नाही. १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक केबिनमध्ये चालते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे दारातूनच परत.

आणखी एक गंमत दुकानात सांगत नाहीत. पॅनेलला थंडी आवडते, गार हवेत ते जरा जास्तच वीज देतं. लिथियम बॅटरीला मात्र शून्याखाली चार्ज होणं मानवत नाही. सेलच्या आत लिथियमचा थर साचतो आणि सेल कायमचा खराब होतो. म्हणून शहाणी बॅटरी शून्याखाली चार्जिंगच बंद ठेवते. म्हणजे केदारकंठाच्या कॅम्पवर सकाळी लख्ख ऊन, पॅनेल खूश, आणि रात्रभर बाहेर राहिलेली बॅटरी ढिम्म. ज्या यंत्रानं तुम्हाला ऊब द्यायची, त्यालाच रात्री तुमच्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं लागतं. आता बोला, कोण कोणाला गरम ठेवतंय?

मग ऊब येते कुठून? तुमच्यातून! झोपलेलं माणसाचं शरीर साधारण ७५ वॅट उष्णता टाकत असतं. आठ तासांचे झाले ६०० वॅट-अवर. म्हणजे त्या महागड्या डब्यापेक्षा मोठं पॉवर स्टेशन तुम्ही जन्मल्यापासून फुकट बाळगून आहात. त्याचं इंधनही कॅलरीत नाही, वॅट-अवरमध्येच मोजून बघा. शेंगदाण्याची १०० ग्रॅम चिक्की म्हणजे सुमारे ५०० किलोकॅलरी, म्हणजेच साधारण ५८० वॅट-अवर. लोणावळ्याला किती रुपयांना मिळते ती? झोपायच्या आधी तूप घातलेली खिचडी किंवा गूळ-शेंगदाणे खाणारा आपला जुना ट्रेकर थर्मोडायनॅमिक्सचा पेपर न देताच पास झालेला असतो.

थोडक्यात, प्रश्न ऊब तयार करण्याचा नाहीच. प्रश्न आहे ती गळू न देण्याचा. आणि गळती कुठे आहे हे शोधणं तर आपला रोजचा धंदा, नाही का?

सर्वात मोठी गळती पाठीखाली. स्लीपिंग बॅग कितीही फुगीर असो, अंगाखालची तिची बाजू दबली की आतली हवा जाते आणि ती चादरीच्या लायकीची उरते. मग तुम्ही रात्रभर जमीन तापवत बसता. सह्याद्री तापवायला ६०० वॅट-अवर पुरणार आहेत का? त्यासाठी मॅट लागते, आणि मॅटची किंमत रंगावर नाही, आर-व्हॅल्यूवर ठरते. साध्या बंद पेशींच्या फोम मॅटची आर-व्हॅल्यू दोनच्या आसपास असते, सह्याद्रीला भरपूर झाली. बर्फावर चार-पाच लागते. आणि यात एक सोय आहे: एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आर-व्हॅल्यूंची चक्क बेरीज होते. वजन? फोम मॅट चारशे-पाचशे ग्रॅम. चार्जिंग? शून्य. वॉरंटी? कुत्र्यानं फाडेपर्यंत.

हे काही परदेशातून आलेलं ज्ञान नाही. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या गावांत थंडीत मुक्कामाला राहा, घरातले मामा आधी भाताचा पेंढा अंथरतात, त्यावर गोधडी, आणि अंगावर घोंगडी. पेंढा म्हणजे काय? अडकवलेली हवा. गोधडी म्हणजे काय? थरांमध्ये अडकवलेली हवा. घोंगडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही, कारण ती लोकरीची. आणि आपण त्याच अंगणात योगा मॅट टाकून शेजारी पॉवर स्टेशन मांडतो आणि सकाळी म्हणतो, "काय सॉलिड थंडी होती यार!" थंडी तेवढीच होती राजा. मामा घोरत होते.

दुसरी गळती म्हणजे स्लीपिंग बॅगवरचा आकडा. युरोपात २००२ पासून यासाठी प्रमाण आहे, त्याचंच पुढे आयएसओ २३५३७ झालं. त्यात तीन वेगळे आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. एक्स्ट्रीमचा अर्थ "इथे मस्त झोप लागेल" असा नाही. त्याचा अर्थ, काही तास कुडकुडत बहुधा जिवंत राहाल, हायपोथर्मियाचा धोका धरून. आणि स्वस्तातल्या बऱ्याच पिशव्यांवर नुसतंच "उणे १०" छापलेलं असतं, तीनपैकी कोणतं ते गुलदस्त्यात. विचारा की! कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर दोन तास वाद घालणारे आपण, ज्यात जीव घालून झोपायचं त्या पिशवीचा एक आकडा विचारायला का लाजतो?

तिसरी गळती ओल. घामाचा टी-शर्ट, ओले मोजे. पाणी हवेच्या कितीतरी पट वेगानं उष्णता ओढून नेतं. कॅम्पवर पोचल्या पोचल्या कोरडे कपडे, आणि झोपायचे मोजे वेगळे. आणि थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या झिपा गच्च बंद करू नका, श्वासातली वाफ छताला लागून तुमच्यावरच ठिबकते. आणि हो, "दोन पेग मारले की थंडी पळते" हे शुद्ध थोतांड. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, गरम वाटतं, आणि नेमकी तेव्हाच आतली उष्णता बाहेर पळत असते.

एवढं करूनही थंडी उरलीच तर जुना उपाय: गरम पाण्याची बाटली. ८० अंशांचं एक लिटर पाणी ३५ अंशांवर येईपर्यंत ५० वॅट-अवर देतं, तेही थेट पोटाशी किंवा पायांशी. ते पाणी तापवायला स्टोव्हवर १५-२० ग्रॅम गॅस. २३० ग्रॅम गॅसच्या कॅनिस्टरमध्ये सुमारे २,९०० वॅट-अवर असतात आणि डब्यासकट वजन चारशे ग्रॅमच्या आत. बॅटरीची तुलनाच सोडा. फक्त शून्याखाली जायचं असेल तर नुसता ब्यूटेन नको, तो तिथे वायूच होत नाही. प्रोपेन मिसळलेला घ्या.

पण स्टोव्ह तंबूच्या बाहेर. बाहेर म्हणजे बाहेरच! इथे मी हसत नाहीये. हे सगळं लिहायचं खरं कारणच हे आहे. पाठीखाली मॅट नसलेला, बॅटरी संपलेला, पहाटे तीनला कुडकुडणारा माणूस काय करतो? स्टोव्ह नाहीतर निखाऱ्यांची शेगडी आत घेतो आणि झीप लावतो. बंद जागेत अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं चिकटतो. माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण इथे केरळचे आठ पर्यटक एका खोलीत असेच गेले, त्यात चार लहान मुलं होती. खोलीत थंडीसाठी गॅस हीटर लावला होता. ती तर भिंतींची खोली होती, तंबू त्याहून लहान असतो.

आणि शेकोटी? तिच्याबद्दलही लाडिकपणा पुरे. डिसेंबरनंतर सह्याद्रीतलं गवत म्हणजे वाळलेली काडेपेटी. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बंदी आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हेही अभयारण्यच आहे, हे कोकणकड्यावर लाकडं पेटवणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असतं? शिवाय शेकोटी भाजते पुढून, पाठ गारच राहते. आणि तुम्ही झोपलात की ती विझते, किंवा विझत नाही. दोन्ही वाईट.

"म्हणजे तू सोलरच्या विरोधात आहेस!" अजिबात नाही. चार-पाच दिवस एका जागी तळ असेल, तर २० वॅटचं छोटं पॅनेल झकास. दिवसाला ४०-५० वॅट-अवर देतं. फोन, हेडलॅम्प, कॅमेरा धरून माणशी २०-२५ लागतात. शनिवार-रविवारच्या ट्रेकला तर तेही नको, २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-अवर, दोघांना पुरून उरते. आणि ते बॅगेवर पॅनेल लटकवून चालणं सोडा. एका कोपऱ्यावर सावली पडली की अख्खं पॅनेल मान टाकतं, आणि चालणाऱ्या माणसाच्या पाठीवर सावली सोडून दुसरं काय पडतं?

उन्हानं ऊब मिळवताच येत नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनम वांगचुक यांनी लडाखमधल्या जवानांसाठी बनवलेला तंबू दाखवला. रात्री दहाला आत अधिक १५, आणि बाहेर आदल्या रात्रीचं किमान उणे १४! पण त्यात पॅनेलची वीज हीटरला दिलेली नव्हती. दिवसा ऊन थेट आत घ्यायचं, उष्णता म्हणूनच साठवायचं, रात्री ती हळूहळू सोडायची आणि इन्सुलेशननं अडवायची. म्हणजे पुन्हा तेच: आलेली ऊब जाऊ न देणं. फक्त तो तंबू खांद्यावर टाकून वीकेंडला नेता येत नाही, एवढंच.

माझा राग पॅनेलवर नाही, विक्रीच्या भाषेवर आहे. तलावाकाठच्या कॅम्पच्या जाहिराती बघा: चार्जिंग पॉइंट, दिव्यांच्या माळा, म्युझिक सिस्टिम. मॅट कोणती, पिशवीचा कम्फर्ट आकडा किती, याचा पत्ता नाही. गेल्या हिवाळ्यात एका आयोजकाला फोन करून हे विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, "सर, आपल्याकडे बोनफायर आहे ना!" असो.

तेव्हा यंदा पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: पाठीखाली काय देणार, आणि पिशवीचा कम्फर्ट आकडा किती? उत्तर मिळालं नाही तर स्वतःची मॅट न्या, नाहीतर दुसरा आयोजक शोधा. आणि पॉवर स्टेशनसाठी बाजूला काढलेल्या पैशांत चांगली मॅट, चांगली पिशवी आणि घरच्या सगळ्यांसाठी एकेक घोंगडी येईल. उरलेल्यात चिक्की.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर भांडावं. फक्त येताना वॅट-अवर घेऊन या.