डोहाळजेवणाच्या आधीची भूक

आपल्याकडे बाईला "तुला काय खावेसे वाटते?" असे विचारण्याचा मुहूर्त एकच. सातवा महिना लागला की झोपाळा सजतो, हिरवी साडी येते, फुलांच्या वाड्या भरतात. कालपर्यंत जिच्या पानात काय पडले याची कोणी चौकशी केली नव्हती, तिच्यापुढे झाकलेल्या वाट्या ठेवून बर्फी की पेढा असा कौल मागितला जातो. तो कौलही तिच्या भुकेचा नसतो. मुलगी की मुलगा याचा असतो!

डोहाळजेवणाशी माझे वैर नाही. माझे भांडण आहे ते त्याआधीच्या वर्षांशी. आणि ते एकट्या घराशी नाही, सरकारशीही आहे. कारण या एका बाबतीत आपले सरकार जुन्या वळणाच्या सासूसारखे वागते. दिवस गेल्याची वर्दी मिळाल्यावाचून ते सुनेला पान वाढीत नाही.

हे उगीच म्हणत नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना निघाली आणि अंगणवाडीत लहान मुलांबरोबर गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या आहाराची सोय झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो त्यांचा हक्क ठरविला. २०१५ साली महाराष्ट्राने आदिवासी भागात अमृत आहार योजना आणून त्यांना एक वेळचे ताजे, चौरस जेवण देऊ केले. २०१७ साली मातृवंदना योजनेचे पैसे आले. सगळी कामे चांगली, त्यांना नावे ठेवणारा करंटा. पण या साऱ्या दारांवर पहिला प्रश्न एकच: "दिवस गेले आहेत का?"

मी शाळेत शिकवते. दुपारचे शालेय जेवण आठवीपर्यंत मिळते. तीच मुलगी जूनमध्ये नववीच्या बाकावर बसते, तेव्हा तिची भूक मागे राहिलेली नसते. उलट वाढलेली असते. अंगाने वाढण्याचे, महिन्याच्या महिन्याला रक्त जाण्याचे ते वय. सकाळच्या प्रार्थनेला भोवळ येऊन मटकन खाली बसणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. किशोरींच्या आहाराची एक योजना आहे खरी. पण आता ती १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी आणि ठरावीक मागास जिल्ह्यांपुरती. महाराष्ट्रात असे जिल्हे ४: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. बाकीच्या मुलींना सरकारच्या लेखी आठवीनंतर पोटच नसते. मग एके दिवशी त्यांना कूस असल्याचा शोध लागतो, आणि ताट पुन्हा पुढे येते!

तोवर उशीर झालेला असतो. मी डॉक्टरीण नव्हे. पण जे डॉक्टर छापून सांगतात ते वाचता येते. बाळाचा मेंदू आणि कणा ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झाले असतात; पुष्कळ जणींना अजून कळलेलेही नसते. त्या नळीला जे फॉलिक ॲसिड लागते, त्याची गोळी नाव नोंदविल्यावर हाती पडून काय उपयोग? गंमत अशी, की या द्रव्याच्या शोधाची वाट आपल्या मुंबईतूनच गेली. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण येथे आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांचा पांडुरोग तिने अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे १९३१ साली जगाला सांगितले. त्याला नव्वद वर्षे उलटली, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत ५४ जणींचे रक्त उणेच भरले!

आधी खाऊ घातल्याने फरक पडतो का, असे हिशेबी लोक विचारतील. त्यांच्यासाठीही उत्तर आहे. मुंबईच्याच झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात ६,५०० हून अधिक बायकांवर एक प्रयोग झाला. निम्म्याजणींना पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. बाकीच्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. पालेभाजीचा खाऊ गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने भरदार निघाली. आणि तपासलेल्या बायकांत गरोदरपणीचा मधुमेह शंभरांत सुमारे बाराजणींऐवजी सातजणींना झाला. मात्र अगदी हडकुळ्या बायकांच्या बाळांना वजनाचा लाभ झाला नाही. हे मी लपवीत नाही. उलट माझा मुद्दा तोच आहे. वर्षानुवर्षांची उपासमार तीन महिन्यांच्या खाऊने कशी भरून येईल? जितके आधी, जितके अधिक, तितके बरे.

"सरकारने कोणाकोणाला शोधीत हिंडायचे?" हा दुसरा आक्षेप. पण शोधायचे कशाला? गावोगावच्या आरोग्यसेविकेपाशी पात्र जोडप्यांची वही असतेच. नवे लग्न झाले की नाव त्या वहीत चढते, पाळणा लांबविण्याचा सल्ला घरी येतो. मूल थांबविण्यासाठी जी सून सरकारला सापडते, ती जेवू घालण्यासाठी सापडू नये?

लोहाच्या साप्ताहिक गोळीचेही तसेच. २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत गरोदर नसलेल्या बायकांसाठीही ती आहे. ती कागदावरून त्यांच्या ओंजळीत पडली पाहिजे. आणि गोळीने भूक भागत नाही, म्हणून शाळेचे जेवण आठवीवर न थांबता बारावीपर्यंत चालले पाहिजे. अंगणवाडीच्या पंगतीत नव्या सुनेला पहिल्या दिवसापासून पान मिळाले पाहिजे. तिला मूल हवे असो, नको असो, होवो, न होवो. पान मिळाले पाहिजे. कारण भूक तिची आहे. केवळ बाळाच्या निमित्ताने बाईला पोसणे म्हणजे कणगीत धान्य भरायचे आहे म्हणून कणगी लिंपणे!

आणि घरचे काय? सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले, पातेल्याच्या तळचे खाणारी बाई अजून घरोघर आहे. ती वाढीत राहते, आपण तिच्या हाताची वाखाणणी करीत राहतो. तिच्या वाटणीची भाजी कोणत्याही सरकारला वाढता येणार नाही. ती आपल्यालाच वाढावी लागेल.

हा अंक आपण वाचीत असाल तेव्हा फराळाचे ताट बहुधा शेजारी असेल. चकली खुसखुशीत झाली असेल, तिचे कौतुकही झाले असेल. ती जिने तळली, तिने आज सकाळपासून काय खाल्ले, एवढे फक्त आत जाऊन विचारून या. त्यासाठी सातव्या महिन्याची वाट पाहू नका.