हमीपत्र आणि आपला शब्द

गॉगल म्हटला की आमच्या काही गुरुजनांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांच्या मते ती निव्वळ चैन! पण मी रोज खानापूरहून बेळगावला दुचाकीने येतो. समोरून ऊन, पुढच्या ट्रकची धूळ. डोळे जपावेच लागतात. त्यातही नुसती काळी काच कामाची नाही. काचेमागच्या अंधारात बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण अडले नाहीत तर ते अधिकच आत शिरतात. म्हणून शिकवण्या घेऊन साठवलेल्या सहा हजारांत, 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारा, नामांकित कंपनीचा गॉगल मी घेतला. हमी दोन वर्षांची होती. "बिल जपून ठेवा," असे दुकानदाराने दोनदा बजावले.

पाचव्या महिन्यात उजवी बिजागरी आपोआप निखळली. आता हुज्जत घालावी लागणार, अशा तयारीनेच मी दुकानात गेलो. दुकानदाराने बिल पाहिले, काडीच्या आतला क्रमांक ताडून पाहिला आणि तारीख घालून पोच लिहून दिली. बाराव्या दिवशी त्याच बनावटीचा नवा गॉगल हातात! तयार करून नेलेली भांडणाची वाक्ये तशीच परत आणावी लागली.

खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती माझी होती. कॅन्टीनच्या बाकावर ठेवलेल्या त्या नव्या गॉगलवर मी स्वतःच बसलो. डावी काडी मोडली. मित्र म्हणाला, "आपोआप मोडली म्हणून सांग की. कोण बघाय येतंय? कंपनीला काय कमी आहे?" सल्ला मला पटला, हे कबूल करतो. दुकानाच्या पायऱ्या चढेपर्यंत खोटे तोंडपाठ झाले होते.

"कशी मोडली?" दुकानदाराने विचारले. मागच्या खेपेला याच माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. मी खरे सांगितले. तो हसला, म्हणाला, "मग हमीत बसणार नाही." फक्त काडीचे पैसे घेऊन त्याने ती बदलून दिली.

हमी असते ती मालातल्या दोषाची, आपल्या निष्काळजीपणाची नव्हे. आपण दहा जण खोटे बोललो की अकराव्या खऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार संशयाने पाहतो. विक्रीनंतरची सेवा वाईट असते असे आपण म्हणतो, तेव्हा तिला वाईट करण्यात आपलाही थोडा वाटा असतो.

याचा अर्थ गिऱ्हाइकाने मुकाट्याने सोसावे असा नाही. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपत नाही. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 1986 चा. त्याच्या जागी 2019 चा कायदा आला आणि 2020 पासून अमलात आहे. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीसुद्धा. कंपनी दूरच्या शहरात असली तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. 1915 या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

पण आयोगाची पायरी चढावी लागते ती शब्द मोडल्यावर. मित्रहो, आपल्यापैकी कित्येक जण उद्या गल्ल्यावर बसतील आणि सारेच गिऱ्हाईक होतील. गल्ल्यावर बसणाऱ्याने परत आलेल्या मालाकडे तोंड वाकडे करू नये. गिऱ्हाइकाने बिल जपावे आणि खरे बोलावे. मला खरे बोलण्यापायी काडीचे पैसे पडले. पण त्या दुकानाची पायरी मी आजही ताठ मानेने चढतो.