किराणा दुकानदाराची साक्ष



आमच्या पलसाण्यात मुलीला स्थळ आले की चौकशी दोन ठिकाणी होते. पहिली चर्चमध्ये. मुलाचा बाप्तिस्मा कधी झाला, दृढीकरण झाले का, मिस्साला येतो का, हे धर्मगुरूंच्या पत्रात लिहून येते. दुसरी चौकशी मुलीचा मामा करतो. तो मुलाच्या चाळीखालच्या किराणा दुकानात जातो, काडेपेटी घेतो आणि सहज विचारल्यासारखे करतो, "तो मुलगा उधारी वेळेवर देतो का हो?" मग मिलच्या फाटकाशी चहा पिताना त्याच्या पाळीतल्या कारागिरांना विचारतो, हाताखालच्या पोरांशी कसा बोलतो, रातपाळीहून आल्यावर घरात आवाज चढतो का.

आम्ही गेली कित्येक वर्षे मुलांना धर्मशिक्षण देतो, प्रश्नोत्तरे पाठ करून घेतो. तरी आमचे स्पष्ट मत आहे की विश्वासाची खरी परीक्षा तो मामाच घेतो. आम्ही घेतो ती पाठांतराची.

कोणी म्हणेल, तारण कृपेने आहे, कर्माने नाही. मान्य. पण झाड फळावरून ओळखावे हे प्रभूनेच सांगितले आहे, आणि फळ झाडाला स्वतःला खायचे नसते. ते शेजाऱ्याच्या हाती पडते. गोड की आंबट, हे तोच सांगणार.

आपल्या मराठी मंडळीत अशी घरची साक्ष एकदा फार मोकळेपणाने लिहिली गेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांची भजने आपण आजही गातो. पण टिळक माणूस म्हणून कसे होते, हे कळते ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तून. टिळक वारले १९१९ मध्ये, आणि पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ मध्ये. पंधरा वर्षांत एखाद्या विधवेने नवऱ्याचा संत करून टाकला असता. बाईंनी तसे केले नाही. टिळकांचा तापट स्वभाव, विसरभोळेपणा, घरात पैसा नसताना असेल ते दुसऱ्याला देऊन टाकणे, सगळे त्यांनी हसत हसत लिहिले आहे. (आपल्या चर्चच्या स्मरणिकांत असे एक वाक्य तरी छापून येईल का?)

नवऱ्याने धर्म बदलला म्हणून या बाईच्या वाट्याला वियोग आला, लोकांचे बोलणे आले. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या तेव्हाही आपले सोवळे-ओवळे घेऊनच आल्या. टिळकांनी ते पाळू दिले, बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. स्वभावाने उतावळा माणूस, पण इथे तो थांबला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, टिळकांच्या नंतर पाच वर्षांनी. आम्हाला टिळकांच्या शेकडो ओळींपेक्षा ही पाच वर्षे मोठी वाटतात. त्यांच्या रागाची सर्वांत जवळची साक्षीदार शेवटी त्यांच्याच प्रभूपाशी आली. ती आली ते नवरा निर्दोष होता म्हणून नव्हे, हे तर तिच्याच पुस्तकावरून दिसते.

म्हणून ख्रिस्ती शील म्हणजे दोष नसणे, असे आम्ही मुलांना शिकवत नाही. प्रामाणिकपणा ही काही आपली मक्तेदारीही नाही. आमचा दुकानदार ख्रिस्ती नाही, पण त्याच्या तराजूवर आमचा डोळे मिटून भरवसा आहे. मग विश्वासाने काय फरक पडतो? जक्कयाला विचारावे. प्रभू त्याच्या घरी गेला, तेव्हा तो प्रार्थना किंवा उपवास यांविषयी बोललाच नाही. तो हिशेबाचे बोलला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत. ज्याच्यावर आपण अन्याय केला त्याचे दार स्वतः होऊन वाजवायचे, आणि तो आपल्यापेक्षा लहान असला तरी वाजवायचे, हे कठीण काम तिथून सुरू होते. पाळकांसमोर किंवा साहेबासमोर मान झुकवणे सोपे असते. हाताखालच्या पोराला, बायकोला, मुलाला "माझे चुकले" म्हणताना आपली जीभ जड होते. देवाची क्षमा आपण दर रविवारी मागतो. सोमवारी पाळीत ज्याला सर्वांदेखत शिवी दिली, त्याची कोण मागतो?

हे लिहिताना आम्हाला स्वतःचेच आठवले. मागच्या उपवासकाळात आम्ही चाळीत क्रूसाच्या वाटेची भक्ती ठेवली होती. मेणबत्त्या आणि प्रसादाचा नारळ-साखर त्याच दुकानातून उधारीवर आणले. ईस्टर झाला, आम्ही विसरलो. दुकानदाराने एकदाही मागितले नाही. देवाच्या कामाचे पैसे कसे मागायचे, असे त्याला वाटले असावे, आणि नेमकी हीच गोष्ट आम्हाला लागली. दोन महिन्यांनी त्याच्या वहीवर सहज नजर गेली, तर आमच्या नावापुढे 'चर्चवाले' असे लिहिलेले आणि रक्कम तशीच बाकी.

पैसे त्याच दिवशी दिले. उशीर झाल्याची माफी मागितली, तेव्हा तो गडबडून गेला, "अरे साहेब, त्यात काय" म्हणू लागला. ओळ त्याने पेनाने खोडली. खोडलेले अजून वाचता येते. या महिन्यात आमच्या दोन मुलांची दृढीकरणाची तयारी सुरू होत आहे, आणि पहिल्या धड्याला आम्ही त्यांना त्या दुकानात सामान आणायला पाठवणार आहोत, रोख पैसे देऊन.