विश्लेषण : ४३व्या वर्षी अव्वल ठरलेला रोहन बोपण्णा… पण त्याच्या यशाआड भारतीय टेनिसचे अपयश झाकले गेले का?

रोहन बोपण्णाने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यावसायिक टेनिसला निरोप दिला. दोन ग्रँडस्लॅम विजेतेपदे, एटीपी दुहेरीतील २६ अजिंक्यपदे आणि जागतिक क्रमवारीतील अव्वल स्थान ही त्याची कमाई. त्याच्या जिद्दीचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र, केवळ कौतुकावर थांबणे भारतीय टेनिसला परवडणारे नाही.

यश इतक्या उशिरा कसे?

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात, कॉफीच्या मळ्यांच्या परिसरात वाढलेला बोपण्णा २००३ मध्ये व्यावसायिक टेनिसकडे वळला. एकेरीत त्याला २१३व्या स्थानापुढे जाता आले नाही. दुहेरीत पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीच्या साथीने त्याने २०१० मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, पण तेथे ब्रायन बंधू वरचढ ठरले. पहिले ग्रँडस्लॅम मिळाले ते २०१७ मध्ये, फ्रेंच स्पर्धेच्या मिश्र दुहेरीत कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीसह. पुरुष दुहेरीच्या ग्रँडस्लॅमसाठी जानेवारी २०२४ उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डेनसह त्याने मेलबर्नमध्ये इटलीच्या बोलेली-वावासोरी जोडीला ७-६, ७-५ असे नमवले. याच स्पर्धेतील कामगिरीने त्याला क्रमवारीत प्रथमच अव्वल स्थान मिळवून दिले. हे स्थान पहिल्यांदा मिळवणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू ठरला.

गुडघे झिजल्यावरही कसा टिकला?

२०२१च्या हंगामाच्या सुरुवातीला सलग पराभवांमुळे तो निवृत्तीच्या विचारात होता. गुडघ्यांतील कूर्चा झिजल्याने वेदनाशामक गोळ्यांचा आधार घ्यावा लागत होता. त्यातून सावरण्यास अय्यंगार योगाची मोठी मदत झाल्याचे त्याने सांगितले आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी ही पद्धती पुण्यातूनच जगभर नेली. पुढे २०२३ मध्ये इंडियन वेल्स आणि २०२४ मध्ये मायामी या मास्टर्स स्पर्धा त्याने जिंकल्या.

दुहेरी म्हणजे दुय्यम टेनिस?

असे म्हणणे अन्यायाचे आहे. दुहेरीत निम्मेच कोर्ट सांभाळायचे असते. एटीपी टूरवर ४०-४० नंतर एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर होतो. त्यामुळे धावाधाव कमी होते आणि कारकीर्द लांबते, हे खरे. पण सर्व्हिस, परतीचा फटका, नेटजवळची चपळाई आणि जोडीदाराशी समन्वय यांत चूक दुरुस्त करायला येथे वेळच मिळत नाही. बोपण्णाची जोरकस सर्व्हिस वयाच्या चाळिशीतही टिकली, कारण ती त्याने जपली. दुहेरी हा त्याच्यासाठी पराभूताचा आसरा नव्हता. ते त्याने डोळसपणे निवडलेले कौशल्य होते.

मग प्रश्न कुठे आहे?

प्रश्न व्यवस्थेचा आहे. लिअँडर पेस, महेश भूपती, सानिया मिर्झा आणि बोपण्णा असे दुहेरीतील चार अव्वल खेळाडू देशाने दिले. एकेरीत मात्र रामनाथन कृष्णन यांनी १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली, त्यापुढे एकही भारतीय पुरुष जाऊ शकला नाही. सुमित नागल २०२४ मध्ये ६८व्या स्थानापर्यंत पोहोचला, पण त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या बँक खात्यात जेमतेम ९०० युरो उरल्याचे त्याने सांगितले होते. प्रशिक्षक, फिजिओ आणि परदेश प्रवास यांचा खर्च खेळाडूनेच पेलायचा असेल, तर प्रतिभा वाटेतच गळणार. दुहेरीतील प्रत्येक विजेतेपदानंतर ‘भारतीय टेनिस सुस्थितीत’ असा समज करून घेण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

महाराष्ट्राचा संबंध काय?

चेन्नईतील एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात आली. बालेवाडीत बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणसह आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसह विजेतेपद पटकावले. २०२३ नंतर मात्र ही स्पर्धा पुण्यातून गेली. घरची स्पर्धा म्हणजे केवळ सोहळा नसतो. स्थानिक खेळाडूंना वाइल्ड कार्ड, क्रमवारीचे गुण आणि मोठ्या प्रतिस्पर्ध्यांशी दोन हात करण्याची संधी तेथे विमानाचे तिकीट न काढता मिळते. हांगझो आशियाई क्रीडा स्पर्धेत बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले महाराष्ट्राचीच. अनुभवी जोडीदार आणि मोठे व्यासपीठ मिळाले तर येथील खेळाडू काय करू शकतात, हे त्या सुवर्णाने दाखवले.

पुढे काय व्हावे?

बोपण्णाला एकाच खेळात यश मिळवायला वीस वर्षे लागली. तेवढा काळ तग धरण्याची ताकद प्रत्येकाकडे नसते आणि तशी अपेक्षाही योग्य नाही. त्यामुळे १८ ते २३ वयोगटातील खेळाडूंना हंगामभराचा प्रवासखर्च देणे, चॅलेंजर स्तरावरील स्पर्धा देशातच वाढवणे आणि दुहेरीसाठी स्वतंत्र प्रशिक्षण देणे ही कामे तातडीची आहेत. अन्यथा पुढच्या बोपण्णाचीही कहाणी व्यवस्थेच्या जोरावर नव्हे, तर व्यवस्था नसतानाही जिंकल्याचीच असेल.