मोठी मोटारसायकल आणि मागचे आसन

दिल्लीत बदलून आलेल्या आपल्या मंडळींत अलीकडे एक हौस वाढीस लागली आहे. कचेरीपुरती शंभर-सव्वाशे सीसीची गाडी विकायची आणि साडेतीनशे-साडेचारशे सीसीची, लांबच्या प्रवासाची मोटारसायकल घ्यायची. या हौसेला आमची हरकत नाही. कारकुनाने बसच्या रांगेपलीकडे पाहू नये असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. पानिपत, ग्वाल्हेर, इंदूर ही नावे ज्यांनी शाळेत घोकली, त्यांनी ती गावे आपल्या वाहनाने जाऊन पाहावीत, हा छंद उत्तमच. आमची तक्रार आहे ती गाडी घेतल्यावर तिच्यावर जे जे चढविले जाते त्याविषयी, आणि त्याहून अधिक, जे उतरविले जाते त्याविषयी.

घरी गाडीची परवानगी मागताना कारण एकच सांगितले जाते : दोघांना आरामात लांब जाता येईल. गाडी दारात आली की मात्र त्या दोघांपैकी एकाचीच सरबराई सुरू होते. क्रॅशगार्ड येतो, मुठींपुढचे ढालीसारखे संरक्षक येतात, जादा दिवे येतात, मोबाइलचे स्टँड येते, वाऱ्यासाठी उंच काच येते. सारे पुढच्या स्वारासाठी. आणि मागे? मागचे साडीगार्ड ‘फोटोत वाईट दिसते’ म्हणून पहिल्याच आठवड्यात काढून माळ्यावर टाकले जाते! मागच्या माणसास धरावयास मूठ, पाय ठेवावयास पायटा आणि निदान अर्ध्या चाकास झाकणारे, वस्त्र अडकू न देणारे आवरण असलेच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ वा नियम सांगतो. नियमाच्या स्वल्पविरामावरून फायली परत पाठविणारे आम्ही लोक. पण ओढणी चाकात गेली तर काय होते हे ठाऊक असूनही तो नियम पाना घेऊन स्वहस्ते खोलतो.

हेल्मेटाची कथा याहून वाईट. पुढच्याच्या डोक्यावर संपूर्ण चेहरा झाकणारे, दहा हजारांचे. मागे बसणारीच्या डोक्यावर टोपलीसारखे अर्धे, रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांना मिळालेले, पट्टा लोंबकळत असलेले. दिल्लीत तर २०१४ पर्यंत मागे बसणाऱ्या स्त्रियांना हेल्मेटाची सक्तीच नव्हती, आणि ती सवय अजून पुरती मोडलेली नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पगडी बांधणाऱ्या शिखांखेरीज चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट घालावयास सांगते. मागचीचे डोके उघडे असले तरी एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द ही शिक्षा चालविणाऱ्यास आहे. जून २०२१ पासून आय. एस. आय. चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट विकताही येत नाही. कडेला मिळणारी ती टोपली या हिशेबात कोठे बसते?

यावर आमचे स्नेही म्हणतात, “अहो, तीच नको म्हणते. उकडते म्हणे.” पुढच्यास उकडत नाही काय? दुसरे म्हणतात, “मोठी गाडी जड, म्हणून रस्त्याला चिकटून चालते, भीती नाही.” हा युक्तिवाद आम्हांस मुळीच पटत नाही. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, ४५२ सीसीची हिमालयन सुमारे १९६ किलोची. उभ्या गाडीचा तोल गेला तर ते वजन पाय सावरू देत नाही. ए. बी. एस. चाक अडकू देत नाही, हे खरे. परंतु एका बाजूस पाय सोडून बसलेल्या बाईस ते धरून ठेवीत नाही. मोठ्या गाडीवर दोन्हीकडे पाय टाकूनच बसावे, मग पेहराव त्यास साजेसा का करावा लागेना.

सामानाचेही तसेच. मागे उंचावर बसविलेल्या पेटीस पाठ टेकता येते, हा तिचा गुण. पण तीत तांब्याच्या भांड्यांपासून पापडांच्या डब्यापर्यंत सारे कोंबले की वजन मागच्या आसाच्याही मागे जाते आणि पुढचे चाक हलके होऊन भरकटू लागते. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि सारख्या वजनाने ठेवाव्या, पेटीत शाली-स्वेटर. मागच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचा ताण दोघांच्या वजनाप्रमाणे वाढवावा, चाकांत हवा पुस्तिकेत दोघांसाठी दिली असेल तितकी भरावी. यास खर्च जवळजवळ शून्य. म्हणूनच बहुधा त्याचे कोणास कौतुक नाही.

पैशाचा विचार करावयाचा तर तो आमच्यासारख्यांनी अधिकच करावा. मोटारसायकलीची सरकारी उचल २०१६ साली, सातव्या वेतन आयोगानंतर, बंद झाली. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के कर. दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून महाग वस्तू घेतली की महिन्याच्या आत वरिष्ठांस कळवावे लागते ते निराळेच. त्यात मुंबईकडचा नवा द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद. जावयाचे ते ट्रॅक्टर आणि गुरे असलेल्या जुन्याच रस्त्याने. तेथे समोरच्याचे डोळे दिपविणारे दिवे लावून काय साधणार?

आम्ही यंदा गाडी बदलली ती ३४९ सीसीचीच घेतली. पहिली खरेदी हेल्मेटांची, आणि तीही दोघांनी मिळून जाऊन; कारण दुसऱ्याच्या डोक्याचे माप अंदाजाने घेता येत नाही. सौ.नी सहा हेल्मेटे घालून, पट्टा आवळून, मान जोरात हालवून पाहिली. सातवे हलले नाही. त्याची किंमत आमच्या हेल्मेटापेक्षा चारशे रुपयांनी जास्त निघाली. क्रॅशगार्ड त्यानंतरच्या महिन्यात आला. जादा दिव्यांचा विचार दिवाळीच्या, सात हजारांच्या आत बसणाऱ्या बोनसावर सोपविला आहे.