अधांतरी आवळलेला बोल्ट

पावसाळा सरता सरता अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या गॅरेजांत एकच फिर्याद पुनःपुन्हा कानी येते: शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंगा व लोअर आर्म कंपनीबाहेरचे, पण चांगल्या नावाचे पाहून बसवले, आणि काही महिने जातात न जातात तोच खड्ड्यातून जाताना खालून ठोके येऊ लागले, ब्रेक दाबताच गाडी एका अंगास ओढू लागली व टायर आतल्या कडेने झिजू लागले. मिस्त्री गाडी उचलतो, बुशचे फाटलेले रबर दाखवतो आणि ‘लोकल माल’ असा निवाडा देऊन मोकळा होतो. बाजारात नकली माल आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु दोन्ही बाजूंचे बुश एकाच सुमारास, एकाच तऱ्हेने फाटले असतील, तर मालाआधी बसवणुकीची चौकशी झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुश म्हणजे एकात एक अशा दोन लोखंडी नळ्या व त्यांच्यामध्ये घट्ट चिकटवलेले रबर. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याशी जखडली जाते आणि चाक खालीवर होताना आर्म जो कोन बदलतो, तो सर्वस्वी रबराच्या पिळण्यातून बदलतो. तिथे काही फिरत नाही, घासत नाही, म्हणूनच त्याला ग्रीसही लागत नाही. आता गाडी जॅकवर, चाके अधांतरी लोंबत असताना हा बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची विश्रांतीची अवस्था त्या लोंबत्या कोनातच कायम होते, आणि गाडी जमिनीवर टेकताच ते पिळले जाते. मान एका बाजूस वळवून दिवसभर उभे राहण्याची शिक्षा मनुष्याला दिली तर त्याची जी गत होईल, तीच त्या रबराची होते. त्यात पुन्हा पेव्हर ब्लॉकचे उंचवटे, गतिरोधक आणि द्रुतगती मार्गांच्या सांध्यांचे हिसके आहेतच. तळ उंच व्हावा म्हणून स्प्रिंगांत रबरी बफर घालण्याची जी वहिवाट उपनगरांत पडली आहे, तिचाही परिणाम हाच: उभ्या गाडीची उंची बदलते, आणि जुन्या उंचीवर आवळलेले बुश नव्या उंचीवर अखंड ताण सोसत राहतात.

फाटलेला बुश टाकून देण्यापूर्वी तो हातात घेऊन पाहावा, कारण तोच खरा पुरावा आहे. आतल्या नळीभोवती वळसा घेत गेलेली चीर पिळाची साक्ष देते. रबर फुगून मऊ झाले असेल तर कुरकुर थांबावी म्हणून कोणी त्यावर इंजिन ऑइल ओतले असावे, कारण खनिज तेल नैसर्गिक रबराला फुगवते. बाहेरच्या नळीला पोचे असतील, तर तो प्रेसने न बसवता हातोड्याने ठोकलेला आहे. पॉलियुरेथेनच्या बुशची गोष्ट निराळी, त्याची आतली नळी मोकळी फिरते आणि तिथे योग्य ग्रीस अत्यावश्यक असते. ते न घातल्यास तो करकरतो, आणि दोष पुन्हा मालावरच जातो.

उपाय खर्चाचा नाही. काम सुरू करण्यापूर्वी, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून ठेवावे. बोल्ट आधी हलकेच लावावेत. मग गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करून, किंवा घोडीवर भक्कम टेकवलेल्या गाडीचा आर्म दुसऱ्या जॅकने उचलून तेच अंतर साधल्यावर, टॉर्क पान्याने निर्मात्याने सांगितलेल्या मापापर्यंत आवळावेत. उंचीच बदलली असेल तर माप नव्या उंचीचे घ्यावे, आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्यावी. रस्त्याकडेला एका जॅकवर पोट भरणाऱ्या मिस्त्रीला हे कोणी शिकवले नसेल, तर कसूर त्याच्या एकट्याची नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यास होता आणि महिंद्रांचा कांदिवलीस आहे. मोटारींच्या कसबाचा असा वारसा असलेल्या उपनगरांत, मुलुंडसारख्या शासकीय आयटीआयने या कामाचा एक छोटा सायंवर्ग गॅरेजमधील कारागिरांसाठी चालवणे मुळीच अवघड नाही.

ग्राहकानेही आपली जबाबदारी ओळखावी. पक्के बिल घ्यावे, त्यावर भागाचे नाव, मजुरी व हमीची मुदत लिहून घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष सेवेची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क पडत नाही, पण बिल नसेल तर तक्रार सिद्ध करणे फार कठीण होते. आणि मजुरी चुकती करण्यापूर्वी एकच प्रश्न अवश्य विचारावा: शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा गाडीचा भार चाकांवर होता काय? उत्तर नकारार्थी आले, तर तो तिथल्या तिथे ढिला करवून, गाडीचा भार चाकांवर देऊन, पुन्हा आवळून घ्यावा.