पैनगंगेवरचा नाका उठला, त्याची पावती तेवढी उरली

१/ दिग्रसच्या एका मित्राने पैनगंगेपलीकडून, आदिलाबाद पासिंगची जुनी दुचाकी घेतली. डीलरने दिलेल्या चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या : गाडीची किंमत आणि ‘आरटीओ व इतर’. दुसऱ्या ओळीचा तपशील विचारला, तर उत्तर आले : “दुसऱ्या राज्याची गाडी आहे भाऊ, लागतेच तेवढे.” हा धागा त्या ‘लागतेच’च्या विरुद्ध आहे. पण त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

२/ १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. दिग्रस, पुसद, उमरखेड हा मुलूख इंग्रजी अमलात आला, आणि दक्षिणेला पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य राहिले. गंमत अशी की वऱ्हाडवरचा निजामाचा नाममात्र हक्क पुढेही मान्य होता; त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी होती. कागदोपत्री दोन्ही तीर एकाच धन्याचे, पण मधली नदी मात्र सरहद्द!

३/ निजामाच्या राज्यात सीमेवर जकात घेणाऱ्या खात्याचे नाव होते ‘करोडगिरी’. माल हद्दीत आला की करोडगिरीचा हिशेब चुकवायचा. नाणेही वेगळे, ‘हाली सिक्का’. सरहद्द ओलांडणाऱ्या वस्तूला पैसे पडतात, ही समजूत या भागात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे ती अशी.

४/ इंग्रजी मुलखातही अंतर्गत जकातनाके होतेच. १८३४ मध्ये चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने बंगालमधील या नाक्यांवर अहवाल लिहिला. त्याचा रोख दरापेक्षा जाचावर होता : अडवणूक, झडती, खोळंबा आणि सुटकेसाठी हातावर ठेवावी लागणारी रक्कम. पुढे बंगालमध्ये १८३६ साली, मुंबई इलाख्यात १८३८ साली आणि मद्रासेत १८४४ साली हे अंतर्गत कर उठले.

५/ ट्रेव्हेल्यनचा हा मुद्दा ध्यानात ठेवा. सरकारी दर माफक, पण दर नेमका किती हे सामान्य माणसाला ठाऊक नाही. त्या अज्ञानावर मधल्या माणसाचे पोट चालते. आजच्या ‘आरटीओ व इतर’चे मर्म हेच आहे.

६/ आता आजचा कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ४६ : भारतात एका ठिकाणी झालेली नोंदणी साऱ्या देशात ग्राह्य. म्हणजे कायद्याने नाका उठवला. पण लगेच कलम ४७ येते : गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची, तर नवा क्रमांक घ्या.

७/ असे का? कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरचा कर राज्यसूचीत आहे (नोंद ५७). नोंदणीचे नियम केंद्राचे, कराची तिजोरी राज्याची. आपल्याकडे हा कर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याने घेतला जातो. गाडी जितकी जुनी, तितका तो कमी होतो. हा खर्च खरा आहे आणि तो टाळता येत नाही.

८/ कागद किती? मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८), हस्तांतरणाची सूचना (फॉर्म २९), हस्तांतरणाचा अर्ज (फॉर्म ३०), नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७, आणि कर्ज फिटले असल्यास फॉर्म ३५. ना-हरकतीच्या अर्जावर तीस दिवसांत नकार कळवला नाही, तर ती मिळाली असे कलम ४८ मानते. हे कोणता डीलर सांगतो?

९/ शुल्क किती? केंद्रीय नियम ८१ च्या तक्त्यात, २०१६ च्या सुधारणेनंतर, दुचाकीच्या नोंदणीला व नव्या क्रमांकाला ३०० रुपये आणि हस्तांतरणाला त्याच्या निम्मे, १५० रुपये. कार्ड, टपाल, कर हे वेगळे. पण प्रत्येकाची सरकारी पावती निघते. जिची पावती निघत नाही ती रक्कम शुल्क नव्हे.

१०/ यावर आक्षेप येईल : “डीलर आदिलाबादला खेटे घालतो, त्याची मजुरी नको?” अवश्य हवी. तिला मजुरी म्हणा, आकडा लिहा, सही करा. माझी तक्रार मेहनतान्याविरुद्ध नाही; तो सरकारच्या नावावर खपवण्याविरुद्ध आहे. करोडगिरीचा कारकून निदान सरकारी चाकर तरी होता.

११/ शिवाय १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे (५५-अ आणि पुढील) जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकृतता प्रमाणपत्र लागते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी ने द्यायची असते, आणि ना-हरकत व हस्तांतरणाचे अर्ज तो स्वतः करू शकतो. मग प्रमाणपत्र बघायला मागा. दाखवता येत नसेल, तर दुकानाची पायरी उतरा.

१२/ सर्वांत घातक सल्ला असतो : “नावावर नंतर करू, कोऱ्या फॉर्मवर सही आहेच.” २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे अपघात दिग्रसला होईल आणि नोटीस आदिलाबादच्या त्या जुन्या मालकाच्या दारी जाईल, ज्याने तीन वर्षांपूर्वी विश्वासाने गाडी विकली.

१३/ दोष एकट्या डीलरचा नाही. पहिल्या राज्याने आयुष्यभराचा कर आधीच घेतलेला असतो. दुसरे राज्य पुन्हा घेते. आणि पहिल्याकडून परतावा मागण्याची यातायात ग्राहकाच्या माथी. बदलीच्या नोकरदारांसाठी २०२१ मध्ये ‘भारत’ मालिका आली, पण तिच्या पात्रतेत दिग्रसचा शेतकऱ्याचा पोर बसत नाही. त्यालाच दलाल गाठतो, हा योगायोग कसा मानायचा?

१४/ म्हणून इतिहासाच्या मित्रांनो, पुढच्या वेळी तीन रकाने आखून घ्या : सरकारी शुल्क, कर, डीलरची मजुरी. पहिल्या दोन रकान्यांतली रक्कम परिवहन कार्यालयाच्या पावतीशी ताडून पाहा, तिसऱ्याची घासाघीस करा. चौथा रकाना निघाला, तर समजा की पैनगंगेवरचा जुना नाका अजून कोणीतरी खाजगीत चालवतो आहे, आणि त्याला पैसे देऊ नका.